गावात चालायला एक वाट द्या : विदर्भातल्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि ग्रामसभेला बसणारे समस्त गावकरी

विषय : गावठाणालगत चालण्यासाठी मुरमाची वाट करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. गावठाणाला लागून, वस्तीच्या नजरेच्या टप्प्यात, किमान २५० मीटर घेराची आणि दोन मीटर रुंद अशी मुरमाची वाट गावानं करावी. व्यायामाचं लोखंडी साहित्य बसवायचं घाटत असेल तर ते मागे ठेवावं आणि आधी ही वाट करावी. आम्ही काहीजण आरोग्याच्या कामातले आणि काही रस्त्यांच्या कामातले आहोत. त्यामुळे वाट कशी बांधायची आणि तिच्यावर चालायचं कसं, दोन्ही एकाच पत्रात लिहीत आहोत.

गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या माणसांचा बीपी आणि साखर तपासतात. त्यासाठी आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात. काही वाढलेलं निघालं की गोळ्यांसोबत एक सल्ला हमखास मिळतो : रोज अर्धा तास चाला. गोळ्या माणूस घरी नेतो, पण चालणार कुठे? डांबरी रस्त्यावर पहाटेपासून रेतीचे टिप्पर सुरू होतात, आणि साइडपट्टी इतकी खचलेली असते की गाडी आली तर उतरायला जागा नसते. पांदणीत पावसाळाभर चिखल आणि उन्हाळ्यात पाय मुरगाळणारी ढेकळं. गावाबाहेरच्या रस्त्याची कड वर्षानुवर्षं गोदरीची, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायची जागा होती, म्हणून बाया अजूनही तिकडे फिरायला जायला कचरतात. ताडोबा किंवा ब्रह्मपुरीच्या बाजूच्या जंगलालगतच्या गावांत तर पहाट आणि तिन्हीसांज हीच वाघ-बिबट्याच्या वावरण्याची वेळ, आणि फिरायला जा म्हणून सांगितलं जातं तेही नेमकं त्याच वेळी. सल्ला बरोबर आहे. तो पाळायला जागा नाही, आणि जागा देणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

ग्रामसभेत पहिला प्रश्न येईल तो असा : दिवसभर वावरात राबणाऱ्या माणसाला वेगळं चालायची काय गरज? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं सरळ उत्तर देतो. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आपल्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कंडक्टरचे ड्रायव्हर झाले. वावरात जायला मोटारसायकल आली, नांगरटीला ट्रॅक्टर आला, डवऱ्याच्या पाळ्या कमी होऊन तणनाशक आलं. जे काम हातानं उरलं, निंदण आणि कापूस वेचणी, ते वाकून किंवा बसून, थांबत थांबत होतं. त्यात कंबर आणि गुडघे झिजतात, पण हृदयाचे ठोके सलग वीस-तीस मिनिटं चढे राहत नाहीत. शिवाय वेचणी संपली की मार्च ते मे बऱ्याच घरांत अंगमेहनत जवळजवळ थांबते.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आठ तास वेचणी करून, कमरेची ओटी रिकामी करून घरी आलेल्या मजूर बाईला 'आता पाच किलोमीटर चाल' म्हणणं चुकीचं आहे. तिला पहिल्यांदा जेवण, झोप आणि हिमोग्लोबिनची तपासणी हवी. तिच्यासाठी ही वाट कामाचा हंगाम नसतानाची आहे. दुकानदार, शिक्षक, ट्रॅक्टरवाले, घरी बसलेली म्हातारी माणसं, साखरेचे रुग्ण यांच्यासाठी ती बारमाही आहे.

आता जागा. एक एकर चौरस मैदानाचा घेर सुमारे २५४ मीटर भरतो. कडेनं थोडं आत सरकून वाट घेतली तर २५० मीटरची फेरी मिळते, म्हणजे चार फेऱ्यांत एक किलोमीटर. शाळेचं पटांगण, आखराची (गुरं जमतात ती) मोकळी जागा, बाजाराचं मैदान, यातलं जे ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या ताब्यात आणि वस्तीला लागून असेल ते घ्यावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ सगळ्यांना सुचते. पाळ रुंद असेल, दोन्ही उतारांवर झुडपं नसतील आणि ती वस्तीकडून दिसत असेल तरच तिचा विचार करा. अरुंद पाळीवर अंधारात म्हाताऱ्या माणसाचा तोल गेला तर एका बाजूला पाणी असतं. पाळीवर काही करण्याआधी ज्या खात्याचा तलाव आहे त्याची परवानगीही लागते.

बांधणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गावातली अशी कामं इथेच फसतात. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हातभर खोल भेगा पडतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात ती आणखी चिवट, तिथे पाणी निचरतच नाही. अशा मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात खालची माती मऊ होऊन वर येते, मुरूम खाली दबतो, आणि दिवाळीपर्यंत वाट पुन्हा काळी दिसू लागते. पेव्हर ब्लॉक बसवले तर माती फुगून ते वरखाली होतात आणि त्यांच्या उचललेल्या कडांना म्हातारी माणसं ठेचकाळतात. सिमेंटची वाट टिकते, पण ती महाग पडते, पायाला कडक लागते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात सूर्य बुडाल्यावरही तापलेली राहते.

म्हणून असं करावं. दोन मीटर रुंदीत २० सेंटिमीटर खोल काळी माती काढा. खड्ड्याच्या तळाला रोलर मारा. त्यावर १० सेंटिमीटर दगडाची चुरी पसरा. हा थर मातीला मुरमात मिसळू देत नाही, त्यामुळे पैसे वाचवायला तो वगळू नका. वर मुरमाचे दोन थर द्यायचे, प्रत्येक दाबल्यावर १० सेंटिमीटर उरेल असा. त्यासाठी सुटा मुरूम साधारण १३ सेंटिमीटर पसरावा लागतो. दोन्ही थर एकदम टाकून एकदाच रोलर फिरवला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो, मग पावसात खड्डे पडतात. मुरमाला पाणी किती मारायचं? मूठभर मुरूम आवळला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. कोरडा मुरूम दबत नाही आणि चिखल झालेला रोलरला चिकटतो. ट्रॅक्टरच्या चाकानं दाबल्यासारखं दिसतं, पण दाबलं जात नाही. ८ ते १० टनी रोलरच हवा.

अशी तयार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १० सेंटिमीटर उंच राहते. मधोमध ३ सेंटिमीटर फुगार ठेवून दोन्हीकडे उतार द्या. एकाच बाजूला उतार दिलेल्या वाटेवर रोज त्याच दिशेनं गोल चाललं की एक पाय कायम खाली पडतो आणि घोटा, गुडघा, खुबा दुखू लागतो. उतार दोन्हीकडे असला तरी एक दिवस घड्याळाच्या दिशेनं आणि दुसऱ्या दिवशी उलट चालण्याची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. वाटेपासून हातभर लांब ३० सेंटिमीटर खोल नाली काढा आणि तिचं तोंड नाल्यापर्यंत न्या. तोंड न काढलेल्या नालीत पाणी साचून तीच वाट फुगवते. वरच्या थरातले २० मिलिमीटरपेक्षा मोठे खडे चाळून काढा, कारण पावलाखाली गोल खडा फिरला की घोटा मुरगळतो.

२५० मीटर लांबी आणि दोन मीटर रुंदीला सुटा मुरूम सुमारे ४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि चुरी सुमारे २० ब्रास लागेल. काढलेली काळी माती झाडांच्या खड्ड्यांना आणि शाळेच्या बागेला वापरता येईल. झाडं वाटेपासून तीन मीटर लांब, सहा-सहा मीटरवर, आधी पश्चिमेच्या बाजूला लावा. संध्याकाळचं तिरपं ऊन तिकडूनच येतं. कडुनिंब आणि करंज चांगले. वड-पिंपळाची मुळं वाट उचलतात, बाभळीचे काटे चपलेतून आत जातात. चार कोपऱ्यांत चार सौर दिवे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर गवत कायम कापलेलं, हे दोन्ही मण्यार आणि घोणस यांच्यासाठी आहे. पावसाळ्यात हे कापणं पंधरा दिवसांनी करावं लागतं, तेव्हा ते कोणाकडे राहील हेही ठरावातच लिहा. दोन ठिकाणी ४५ सेंटिमीटर उंचीचे भक्कम बाक हवेत. यापेक्षा बुटक्या बाकावरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठवत नाही.

लोखंडी साहित्य मागे ठेवा असं आम्ही म्हणतो ते याच बाकांमुळे. हात न टेकता बाकावरून दहा वेळा उठायचं-बसायचं, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा, आठवड्यातून दोन दिवस. मांड्यांना आणि खुब्याला लागणारी ताकद एवढ्यानं येऊ लागते. बेअरिंग अडकलेल्या यंत्रावर ती येत नाही, आणि त्या यंत्राची दुरुस्ती करणारा माणूस गावात नसतो.

आता चालण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराच्या हालचालीचं आहे. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात त्यातलं किमान माप पूर्ण होतं. दहा हजार पावलांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. त्याहून कमी पावलांतही फायदा होतो, आणि आकड्याच्या धाकानं चालणं सोडून देणारे बरेच असतात.

मध्यम जोर ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता बोलता येतं, पण भजन म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. घड्याळ असेल तर १५ सेकंदांत २५ पावलं मोजा, म्हणजे मिनिटाला १०० झाली. आपल्या वाटेवर २५० मीटरची फेरी तीन मिनिटांत झाली तर वेग तासाला पाच किलोमीटर भरतो. अर्ध्या तासात दहा फेऱ्या. वय सत्तरच्या पुढे असेल तर फेरीला चार मिनिटं लागली तरी दम किंचित वाढला पाहिजे, एवढंच बघा.

सुरुवात करणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं सावकाश, पाच मिनिटं झपाट्यानं आणि पुन्हा पाच मिनिटं सावकाश चालावं. नंतर दर आठवड्याला मधला झपाट्याचा भाग तीन मिनिटांनी वाढवावा, म्हणजे नवव्या आठवड्यात तो अर्ध्या तासाशी येतो. एखाद्या आठवड्यात सांधे दुखले तर तोच आठवडा पुन्हा करावा. शेगावला पायदळ जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. वर्षभर मोटारसायकलवर फिरून एकदम दिवसाला तीस किलोमीटर चाललं की फोड, पोटऱ्यांत गोळे आणि टाचदुखी घेऊनच माणूस परत येतो. किमान आठ आठवडे आधीपासून आणि पायदळ वारीत घालायचेच बूट घालून सराव करा.

पाऊल टाचेवर पडावं, तळव्यावरून पुढे यावं आणि अंगठ्यानं जमीन मागे ढकलावी. वेग वाढवायला लांब ढांगा टाकू नका. पाऊल फार पुढे पडलं की गुडघ्याला धक्का बसतो. पावलं छोटी आणि भरभर टाका. हात कोपरात वाकवून हलू द्या, पाठीमागे बांधू नका. नजर पाच-सहा मीटर पुढे ठेवा. रबरी स्लिपरमध्ये ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळलेली राहतात आणि तळवा दुखतो. शाळेच्या मुलांचे असतात तसे कॅनव्हासचे साधे बूट चालतात. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाच दुखत असेल तर भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून पोटरी ३० सेकंद ताणायची, असं तीनदा. मग चालायचं. गुडघ्याची झीज झालेल्यांना चालणं बंद करायला सांगतात, ते बहुतेक वेळा चुकतं. सपाट वाटेवर दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून चाललं की मांडीचे स्नायू भरतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. चालल्यानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर वेळ कमी करा. सांधा सुजला आणि गरम लागला तर डॉक्टरांना दाखवा.

वजनाबद्दल खोटी आशा नको. ६० किलोचा माणूस अर्धा तास झपाट्यानं चालला तर १०० ते १२० कॅलरी खर्च होतात. साखरेचा चहा आणि दोन-चार बिस्किटांत त्या भरून येतात. बीपी, साखर, झोप आणि दम यांना मात्र वजन न घटताही फायदा होतो. साखरेच्या रुग्णांना तर जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं फार उपयोगी आहे, कारण जेवणानंतर रक्तात चढणारी साखर चालते स्नायू उचलून घेतात. रात्रीच्या जेवणानंतर गावात फिरायला उजेड हवा, आणि चार दिव्यांचा आग्रह यासाठीही आहे.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लायक्लाझाइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटं बसावं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी. असा माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साखरेच्या रुग्णानं अनवाणी अजिबात चालू नये. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज बघाव्या, कारण बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही.

बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत झपाट्यानं चालायला सुरुवात करू नये. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं तर फेरी पूर्ण करायच्या नादी लागू नका, तिथेच बसा आणि १०८ बोलवा. थोड्या चालण्यानंच दम लागणाऱ्या बाईला 'सवय नाही' म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी त्याचा उपचार करा.

सिकलसेलबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण हा आजार आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं आणि गावोगाव तपासण्या होऊ लागल्या, पण रुग्णानं चालायचं कसं हे क्वचितच सांगितलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं, फार थंडी वाजली किंवा दम संपेपर्यंत कष्ट झाले की त्यांच्या रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्यांनी चालू नये असं नाही. सावकाश, पाच-सात मिनिटांनी बाकावर बसून, आधी आणि मध्ये पाणी पिऊन, हिवाळ्यात ऊन पडल्यावर चालावं. ताप किंवा अंगदुखी असेल त्या दिवशी चालू नये. त्यांच्यासाठी वाटेजवळ माठ किंवा नळ असलाच पाहिजे. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत सकाळी सातच्या आत चालणं संपवा, डोक्याला दुपट्टा बांधा. डिसेंबर-जानेवारीत हृदयाच्या आणि बीपीच्या रुग्णांनी कडाक्याच्या पहाटे निघू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतो, तेव्हा ऊन आल्यावर चालावं. बाजूच्या वावरात फवारणी सुरू असेल त्या दिवशी वारा तिकडून येत असेल तर चालू नका.

बायांसाठी वेगळी वाट करू नका, वेळ ठरवा. संध्याकाळचा एक तास बायांचा, अशी गावात एकदा मुनादी झाली की सासू-सुनेला घरातून निघायला कारण मिळतं. बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा याच वाटेवर चालत चालत घ्यायला काय हरकत आहे? त्या तासाला वाटेच्या कडेला मोटारसायकली लावून बसणाऱ्यांना उठवणं हे पोलीस पाटलांचं काम, आणि तेही ठरावात असावं.

आरोग्य मंदिरातल्या ताईंनाही एक विनंती. 'रोज चाला' एवढंच न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या : किती फेऱ्या, फेरीला किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस, पुन्हा तपासणी कधी. वाटेवर दर ५० मीटरला रंगवलेला दगड असला की चिठ्ठीतलं माप माणसाला जमिनीवर सापडतं.

ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ विषयांत 'आरोग्यदायी गाव' हा एक विषय आहे. हे काम त्याखाली बसतं, तेव्हा आराखडा होतानाच ते नोंदवा. मुरमाच्या उत्खननाला तहसीलची गौण खनिजाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज ठरावासोबतच करा. जागेची मोजणी दोरीनं एका सकाळी होते. खोदाई आणि रोलरचं काम फेब्रुवारी ते मे या काळातच घ्या. मृग लागल्यावर काळ्या मातीत रोलर रुततो आणि कंत्राटदार काम अर्धं सोडून जातो. पहिला पावसाळा गेल्यावर वाट दोन-चार ठिकाणी खचेलच. त्यासाठी पाच ब्रास मुरूम आताच जास्त मागवून कडेला ढीग करून ठेवा आणि दिवाळीनंतर खचलेल्या जागी टाकून पुन्हा दाबून घ्या.

आपले,
आरोग्याच्या आणि रस्त्यांच्या कामातली काही माणसं